फुटलेले तारे, फिरती आकाशगंगा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, हुडकेश्वर : दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, "तू आकाशाबद्दल बोल, पण आम्हाला समजेल असं बोल. आणि अर्ध्या तासाच्या वर गेलीस तर पोह्यांवरची तर्री संपून जाईल." तेव्हा वेळ पाळते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, लग्नानंतर मी पुणे जिल्ह्यात गेले आणि गेली तीस वर्षं जुन्नर तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आहे. मी संशोधक नाही. पण माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर, नारायणगावजवळच्या खोडद गावी, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. दर वर्षी पोरांना घेऊन मी तिथं जाते. तिथं जे ऐकलं, त्यावर घरी येऊन जे वाचलं, त्यातलं थोडं आज तुमच्यापुढे ठेवते.

"आपण सगळे ताऱ्यांच्या राखेचे बनलो आहोत" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. हल्ली व्हॉट्सअॅपवर सकाळच्या सुविचारातही येतं. वाक्य खरं आहे. पण त्यात दोन प्रश्न लपलेले आहेत आणि ते सहसा कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न : तारा तिकडे कुठे तरी फुटला, मग त्याची राख इकडे आली कशी? दुसरा प्रश्न : वायूच्या ढगांतून तारे जन्मतात म्हणता, मग सगळ्या ढगांचे तारे केव्हाच होऊन का नाही गेले? आकाशगंगेचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त आहे. इतक्या काळात वायू संपायला हवा होता. आजही तो शिल्लक कसा?

दोन्ही प्रश्नांचं बरंचसं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं. फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष आणि आकाशगंगेचं फिरणं, या दोघांच्या ओढाताणीत.

आधी दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडू. आकाशगंगेत थंड, दाट वायूचे जे ढग आहेत त्यांत सुमारे शंभर कोटी सूर्य होतील इतका माल आहे. असा ढग स्वतःच्याच वजनाने कोसळू लागला आणि त्याला कुणी अडवलंच नाही, तर काही दशलक्ष वर्षांत त्याचे तारे होऊन जातील. भागाकार करा. दर वर्षी दोन-तीनशे नवे सूर्य जन्मायला हवेत. प्रत्यक्षात आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक किंवा दोन सूर्यांइतकाच माल ताऱ्यांत बदलतो. म्हणजे शंभरातला साधारण एक हिस्सा. आकाशगंगा फार काटकसरीने चूल पेटवते.

ही काटकसर तिला शिकवतं कोण? चुंबकीय क्षेत्र आहे, नव्या ताऱ्यांचा प्रखर प्रकाश आहे, त्यांच्यापासून निघणारे वारे आहेत. आणि सगळ्यांत दांडगा हात सुपरनोव्हाचा आहे.

सूर्याच्या आठपटीहून जास्त वजनाचा तारा आपलं इंधन भराभर जाळतो. शेवटी त्याच्या पोटात लोखंड साठतं. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही, म्हणून आतला गाभा सेकंदभरात कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. त्या उधळण्यात जी ऊर्जा असते, ती आपला सूर्य त्याच्या हजार कोटी वर्षांच्या सगळ्या आयुष्यात जेवढी देईल तेवढी असते. ताऱ्याचा माल सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर धावतो.

पुढे काय होतं ते समजायला आपल्या वावरातलं वखर आठवा. हुडकेश्वर तेव्हा नागपूरच्या बाहेरचं गाव होतं, आणि आपल्यातल्या निम्म्या घरांत वखर होतं. वखर सुरू केलं की पहिले काही हात सरळ जातं. मग पासेपुढे धसकटं, काडीकचरा, माती गोळा होऊ लागते. जितकं पुढे जावं तितका ढीग वाढतो, आणि बैलांची चाल मंदावते. सुपरनोव्हाचं अगदी हेच होतं. पहिली काही शे वर्षं ताऱ्याचा माल मोकळा धावतो. मग वाटेतला वायू त्याच्यापुढे साचायला लागतो. साधारण तीस-चाळीस हजार वर्षांनी पन्नास-साठ प्रकाशवर्षं त्रिज्येचा फुगा तयार झालेला असतो आणि त्याच्या कडेला हजारभर सूर्यांइतका वायू गोळा झालेला असतो. स्फोट झालेल्या ताऱ्याचा स्वतःचा माल त्यात फार थोडा. बाकी सगळा वाटेत गोळा केलेला.

याच सुमारास एक महत्त्वाची गोष्ट घडते. तोवर कडेचा वायू लक्षावधी अंश तापलेला असतो. आता तो निवायला लागतो. निवताना दाट होतो आणि दाट झाला की आणखी लवकर निवतो. फुग्याची कड पातळ, थंड आणि घट्ट होते. आतल्या दाबाचा जोर सरतो, तरी वेगाच्या भरात ती कड पुढे सरकत राहते. दहा-वीस लाख वर्षांनी तिचा वेग आसपासच्या वायूच्या नेहमीच्या हालचालीइतका, म्हणजे सेकंदाला दहाएक किलोमीटर उरतो आणि ती त्यात मिसळून जाते.

मराठीत आपण याला 'अवशेष' म्हणतो. शब्द थोडा फसवा आहे. अवशेष म्हटलं की पडका वाडा डोळ्यांपुढे येतो, काम संपलेली वस्तू. सुपरनोव्हाच्या अवशेषाचं काम मात्र तारा मेल्यावर सुरू होतं.

यातले काही अवशेष आपल्या ओळखीच्या नक्षत्रांत आहेत. वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ क्रॅब तेजोमेघ आहे, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. त्याचा स्फोट इ. स. १०५४ च्या जुलैत चिनी ज्योतिषांनी नोंदवला. तेवीस दिवस तो तारा भरदिवसा दिसत होता, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मग आपल्याकडे तो कुणी पाहिला नाही का? हा प्रश्न डॉ. जयंत नारळीकरांना पडला. त्यांनी आणि पुण्याच्या संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे यांनी मिळून जुने ग्रंथ धुंडाळले. निःसंशय म्हणावी अशी नोंद त्यांना मिळाली नाही. नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. आपल्या पिढीतल्या कितीतरी पोरांना विज्ञानाची गोडी त्यांच्या कथांनी लावली. म्हणून आज त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.

क्रॅब अजून तरुण आहे, हजार वर्षांचाही नाही. हंस तारकासमूहात दहा-वीस हजार वर्षांपूर्वीचा एक अवशेष आहे. तो आपल्या डोळ्यांना दिसला असता तर सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवल्याइतका रुंद दिसला असता. मिथुन राशीत आणखी एक आहे. तो शेजारच्या दाट ढगाला जाऊन धडकला आहे, आणि ती धडक रेडिओ दुर्बिणींतून मोजता येते.

आता प्रश्न असा की, ही धडक ढगाला मारते की त्यातून तारे जन्माला घालते? उत्तर आहे, दोन्ही. स्फोट ढगाच्या पोटातच झाला, तर ढगाच्या चिंध्या होतात. स्फोट दूरवर झाला आणि कड ढगापाशी पोहोचेपर्यंत मंदावलेली असली, तर ती ढगाला दाबते आणि कोसळायला मदत करते. विरळ ढग उडून जातो, दाट ढग तग धरतो. आपल्याकडे पाऊस तोच असतो, पण पेरणीआधी पडला, अंकुर फुटल्यावर पडला की कापूस फुटल्यावर पडला, यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. इथंही तसंच, वेळ आणि जागा यांवर सगळं ठरतं.

आता आकाशगंगेच्या फिरण्याकडे येऊ. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर आहे. सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने तो केंद्राभोवती फिरतो, तरी एका फेरीला साधारण बावीस कोटी वर्षं लागतात. महत्त्वाचं म्हणजे आकाशगंगा बैलगाडीच्या चाकासारखी एकसंध फिरत नाही. केंद्राच्या जवळचे काय आणि लांबचे काय, बहुतेक सगळे जवळपास सारख्याच वेगाने धावतात. आतल्यांची वाट छोटी, म्हणून ते पुढे जातात.

आपल्या मैदानावर पीटीचे सर फक्कीने ट्रॅक आखायचे, आठवतं? कल्पना करा, वळणावरच्या पाच-सहा लेनवर मिळून फक्कीचं एक मोठं वर्तुळ काढलंय आणि त्या वर्तुळावर तीस पोरं उभी आहेत. शिट्टी झाली, सगळ्यांनी सारख्याच वेगाने आपापल्या लेनमधून धावायचं. एका फेरीनंतर ते वर्तुळ राहील का? आतल्या लेनची पोरं पुढे निघून जातील, बाहेरची मागे राहतील. वर्तुळाचा लांबोळका, तिरपा आकार होईल. आणखी फेऱ्या झाल्या तर तो ताणून ताणून पट्टीसारखा होईल.

एकट्या सुपरनोव्हाच्या फुग्याला हे ताणणं जाणवत नाही. तो दहा-वीस लाख वर्षांत विरून जातो आणि तेवढ्या काळात फेरीचा शंभरावा हिस्साही पुरा होत नाही. पण जड तारे एकटे जन्मत नाहीत, घोळक्याने जन्मतात. घोळक्यातला सगळ्यांत जड तारा तीस-चाळीस लाख वर्षांत फुटतो, सगळ्यांत हलका चार कोटी वर्षांच्या सुमारास. म्हणजे एकाच जागी कोट्यवधी वर्षं एकामागून एक स्फोट होत राहतात. पहिल्याचा फुगा विरायच्या आत दुसरा त्यात हवा भरतो. असे फुगे हजार हजार प्रकाशवर्षं रुंद होतात. १९७९ मध्ये कार्ल हाइल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या अशा प्रचंड कवचांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचा आकार पाहून लोक चकित झाले.

आपल्या परिसरात असा हजार प्रकाशवर्षांचा फुगा घेतला आणि हिशेब केला, तर तीन कोटी वर्षांत त्याची आतली कड बाहेरच्या कडेच्या पुढे जवळजवळ फुग्याच्या रुंदीइतकी निघून जाते. म्हणजे ताऱ्यांचा घोळका फुटत राहण्याचा काळ आणि फिरण्यामुळे फुगा ताणला जाण्याचा काळ जवळपास सारखाच आहे. स्फोट फुग्याला गोल ठेवू पाहतात, फिरणं त्याला ताणतं. कडेला गोळा झालेला वायू लांब पट्ट्यांत ओढला जातो, त्यातले दाट भाग तुटून नवे ढग होतात, पोकळी हळूहळू भरून येते. काही फुगे आकाशगंगेच्या पातळ थाळीला वर-खाली भोक पाडतात. तापलेला वायू त्यातून वर उसळतो, निवतो आणि काही कोटी वर्षांनी पुन्हा थाळीवर पडतो, पण पडेपर्यंत खालची थाळी फिरून गेलेली असते. एका ठिकाणची राख दुसऱ्या ठिकाणी पेरली जाते, ती अशी.

२०२१ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने एनजीसी ६२८ नावाच्या दीर्घिकेचे फोटो घेतले. सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका आपल्याला बरोबर समोरून, ताटासारखी दिसते. शास्त्रज्ञांनी त्या एका फोटोत सुमारे सतराशे फुगे मोजले. मोठ्या फुग्यांच्या कडांवर छोटे फुगे, म्हणजे जुन्या स्फोटांनी गोळा केलेल्या मालातून जन्मलेल्या ताऱ्यांची पुढची पिढी.

फिरण्याने इतका फरक पडतो हे पडताळून पाहायचं तर जवळपास न फिरणारी दीर्घिका शोधायला हवी. इथं आमचं खोडद कामाला येतं. खोडदची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची आहे. चौदा एका चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, मिळून पंचवीस किलोमीटरचा पसारा. ही डॉ. गोविंद स्वरूप यांची कल्पना. पत्र्याच्या जड थाळीऐवजी त्यांनी दोरांच्या ताणावर बसवलेली बारीक तारेची जाळी वापरली. वारा तिच्यातून निघून जातो, वजन कमी, खर्च कमी. नव्वदच्या दशकात या अँटेना उभ्या राहिल्या त्या काळातच मी तिकडे गेले होते. गावकऱ्यांना सुरुवातीला वाटायचं, इतकी भोकं असलेली थाळी काय कामाची? पण एकवीस सेंटिमीटरच्या लहरीला ती भोकं दिसतच नाहीत.

आणि एकवीस सेंटिमीटर हीच थंड हायड्रोजनची खूण आहे. हायड्रोजनचा अणू त्या लांबीची रेडिओ लहर सोडतो. वायू आपल्याकडे येत असेल तर ती किंचित आखूड होते, दूर जात असेल तर किंचित लांब. त्यावरून वायू कुठे आहे आणि किती वेगाने फिरतो, दोन्ही कळतं. जयराम चेंगलूर, आयेशा बेगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदहून खुज्या दीर्घिकांची अशी पाहणी केली. त्यातल्या कॅमेलोपार्डालिस बी नावाच्या दीर्घिकेत फिरण्याचा वेग निघाला सेकंदाला फक्त सात किलोमीटर. आपल्याकडे सव्वादोनशे, तिथं सात! तिथल्या वायूची इकडेतिकडे धावपळही तितकीच. अशा ठिकाणी एक-दोन स्फोट म्हणजे छोट्या घरात मोठं भांडण.

होल्मबर्ग दोन नावाच्या अशाच एका खुज्या दीर्घिकेत हायड्रोजनच्या थाळीला सुमारे पन्नास भोकं मोजली गेली आहेत. ही दीर्घिका बरीचशी बैलगाडीच्या चाकासारखी एकसंध फिरते. चाकावर काढलेलं वर्तुळ चाक कितीही फिरलं तरी वर्तुळच राहतं. म्हणून तिथली भोकं ताणली जात नाहीत, बुजत नाहीत, कोट्यवधी वर्षं तशीच राहतात. सगळी भोकं सुपरनोव्हांनीच पाडली का, यावर अजून वाद आहे, कारण काही भोकांत अपेक्षित ताऱ्यांचा घोळका सापडत नाही. पण फिरण्याचा मुद्दा त्यातून स्वच्छ दिसतो. मोठी फिरती दीर्घिका आपल्या जखमा स्वतः भरून काढते.

खोडदचंच आणखी एक काम सांगते, कारण त्यात आपल्या पहिल्या हिशेबाचा दुसरा अर्धा आहे. २०२० मध्ये पुण्याच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी साडेसात हजारांहून जास्त दूरच्या दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत एकत्र करून सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. तेव्हाच्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण त्या ज्या वेगाने तारे घडवत होत्या त्या वेगाने तो शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. विश्वातली ताऱ्यांची निर्मिती पुढे का मंदावली, याचं एक कारण हे. ज्यांनी चूल भडकवली त्यांचं सरपण संपत आलं.

आता आपल्या घराजवळ येऊ. आपण स्वतः अशाच एका फुग्याच्या आत बसलो आहोत. जवळपास हजार प्रकाशवर्षं रुंद. २०२२ च्या जानेवारीत कॅथरीन झकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, हा फुगा सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी फुगायला लागला, त्यात साधारण पंधरा सुपरनोव्हा फुटले असावेत, आणि आपल्यापासून पाचशे प्रकाशवर्षांच्या आतली तारे जन्मणारी सगळी ठिकाणं या फुग्याच्या कडेवर आहेत. सूर्य तेव्हा इथं नव्हता. आपल्या वाटेने चालता चालता तो पन्नासेक लाख वर्षांपूर्वी या फुग्यात शिरला.

पुरावा फक्त आकाशात नाही. समुद्राच्या तळावरच्या थरांत लोखंडाचा एक किरणोत्सारी प्रकार सापडतो, लोह-६०. त्याचं अर्धं आयुष्य सव्वीस लाख वर्षं. पृथ्वीच्या जन्मावेळचं लोह-६० केव्हाच संपलंय. मग वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच्या थरांत ते आलं कुठून? जवळच फुटलेल्या ताऱ्यांच्या राखेतून. तीच राख चंद्राच्या मातीतही सापडली आहे.

आणि नागपूरचंच बोलायचं तर मनसर, कांद्रीची मॅंगनीज खाण घ्या. आपल्यातले दोघं तिथं नोकरी करून निवृत्त झाले. विश्वातलं बहुतेक मॅंगनीज दुसऱ्या एका प्रकारच्या सुपरनोव्हात तयार होतं. जोडीदाराकडून माल ओढत असलेला मेलेला छोटा तारा चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे एक पूर्णांक चार पट वजनाच्या, जवळ आला की सगळाच्या सगळा फुटतो, त्या प्रकारात. असे कितीतरी तारे आकाशगंगेत वेगवेगळ्या कोपऱ्यांत, वेगवेगळ्या काळी फुटले. त्यांच्या फुग्यांनी ती राख वायूत कालवली, आकाशगंगेच्या फिरण्याने ती लांबवर पसरवली, आणि चारशे साठ कोटी वर्षांपूर्वी त्यातल्या एका ढगातून सूर्य आणि पृथ्वी झाली. मनसरला ट्रकमध्ये जो काळा दगड भरतात, त्यामागे इतका प्रवास आहे. हाडांतलं कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन, रक्तातलं लोखंड, सगळ्यांचं असंच. ही राख साठायला वेळ लागला. पहिल्या शे-दोनशे कोटी वर्षांतच सगळ्या वायूचे तारे होऊन गेले असते, तर राखेने समृद्ध झालेला ढग आपल्यासाठी उरलाच नसता. आकाशगंगेची काटकसर आपल्या उपयोगी पडली.

सूर्यही एकटा जन्मला नाही. त्याची भावंडं होती, बहुधा शेकडो किंवा हजारो, एकाच ढगातली. जन्मल्यापासून त्यांनी केंद्राभोवती वीसेक फेऱ्या मारल्या आणि ट्रॅकवरच्या पोरांसारखी ती कुठल्या कुठे पांगली. शास्त्रज्ञ त्यांना आजही शोधतात. ओळखायचं कसं? अंगात कोणती मूलद्रव्यं किती आहेत त्यावरून. २०१४ मध्ये एकशे दहा प्रकाशवर्षांवरचा एक तारा सूर्याचा संभाव्य भाऊ म्हणून पुढे आला. जागा बदलते, वेग बदलतो, पण एका ढगातून आल्याची खूण अंगात राहते. इथं जमलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आपल्या तुकडीतले सात जण आज आपल्यात नाहीत. आपले विज्ञानाचे सरही नाहीत. शाळेत प्रयोगशाळा नव्हती तेव्हा त्यांनी चष्म्याच्या दुकानातून जुनी भिंगं आणून, पुठ्ठ्याच्या नळीत बसवून आपल्याला चंद्र दाखवला होता. त्या नळीचा आज पत्ता नाही. पण आपल्यातला एक जण नेत्रतज्ज्ञ झाला, एक रेल्वेत सिग्नलचा अभियंता झाला, मी पोरांना भौतिकशास्त्र शिकवते, आणि माझ्या हाताखालून गेलेल्यांतली दोन पोरं आज खोडदला काम करतात. सरांचा हिशेब अजून चालूच आहे.

म्हणून एक विनंती करते. निधीच्या बैठकीत शाळेला कमान बांधून देण्याचं ठरतंय. कमान झाली तरी माझी वर्गणी आहेच. पण त्याच्या आधी दोन गोष्टींचा विचार व्हावा. एक, शाळेला सहा इंचाची एक चांगली दुर्बीण. हुडकेश्वरच्या दिव्यांत आकाशगंगेचा पट्टा आता दिसत नाही, हे खरं. पण उमरेडच्या बाजूला थोडं बाहेर गेलं की काळोख अजून शिल्लक आहे, आणि तिथून त्या दुर्बिणीतून क्रॅब तेजोमेघ पुसट ढगासारखा नक्की दिसतो. दोन, दर वर्षी नववीच्या दहा-बारा पोरापोरींची खोडदची सहल. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथं मोठं प्रदर्शन भरतं, सगळ्या तालुक्यातली पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात. हा दिवस सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा, आणि रामन १९१० मध्ये सरकारी नोकरीत नागपूरला होते, हेही पोरांना सांगता येईल. राहण्या-जेवण्याची सोय मी आणि माझे सहकारी करू. प्रवासाचं तुम्ही पहा.

शाळेत मराठी माध्यमाची पटसंख्या किती उरली आहे, हे मुख्याध्यापकांनी काल सांगितलं. आकडा ऐकून सगळे गप्प झालो होतो. कमानीवर आपली नावं राहतील. पण त्या कमानीखालून आत येणाऱ्या पोरांना इथं काही तरी मिळालं पाहिजे, ही आपलीच जबाबदारी आहे. सगळं एकाच वर्षी नको. दर वर्षी थोडं, पण थांबायचं नाही.

आज रात्री जेवण झालं की गच्चीवर या. पूर्वेच्या बाजूला कृत्तिकांचा झुबका आणि खाली तांबूस रोहिणी दिसेल. त्या परिसरात, रोहिणीच्या खूप मागे, जवळपास कृत्तिकांइतक्या अंतरावर, वृषभातला काळा ढग आहे. डोळ्यांना तो दिसणार नाही. पण आपल्या फुग्याची एक भिंत तिथं आहे, आणि तिच्यात या क्षणी नवे तारे तयार होत आहेत. कुठे पाहायचं ते मी दाखवीन. नातवंडांना घेऊन या.

वेळ संपली. तर्री संपायच्या आत थांबते.